डीलमधलं जुनं घर घेण्याआधी तिथे एक हिवाळा राहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लंडनजवळचं स्लाउ सोडून केंटमधल्या समुद्रकाठच्या डीलच्या मिडल स्ट्रीटवरचं १७४०च्या सुमारास बांधलेलं, ग्रेड टू लिस्टेड (म्हणजे सरकारी वारसा यादीतलं) घर ४ लाख पौंडांना घ्यावं का? नवऱ्याला आठवड्यातून दोनदा लंडनला जायचंय, मुलगी ८ वर्षांची आहे, सासू-सासरे दरवर्षी नाशिकहून येतात आणि पुण्यात नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर एक फ्लॅट आहे. आम्ही ११ वर्षं डीलमध्ये राहतोय, त्यातली ९ अशाच एका घरात. गाव अगदी जीव लावावं असं आहे. पण आधी एक हिवाळा इथे भाड्याने राहा.

तुम्ही ते घर जूनमध्ये पाहिलंत. जूनमधलं डील कुणालाही आवडेल. किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. आपल्याला समुद्रात सूर्य बुडताना बघायची सवय, इथे तो पाण्यातून वर येतो. हवा स्वच्छ असली की पलीकडे फ्रान्सची किनारपट्टी दिसते. डिसेंबरात मात्र चार वाजता अंधार पडतो, वारा थेट समुद्रावरून घुसतो, खिडक्यांवर मीठ साचतं, आणि आमच्या गल्लीतल्या कितीतरी घरांत दिवा लागत नाही, कारण ती सुट्टीपुरती घेतलेली आहेत. हे सोसेल की नाही हे राहूनच कळतं.

पैशांचं आधी बघा, कारण पुण्याचा फ्लॅट इथे आडवा येणार आहे. स्टँप ड्यूटीसाठी जगात कुठेही असलेलं घर मोजलं जातं, आणि नवरा-बायकोपैकी एकाचं असलं तरी दोघांचं धरतात. एप्रिल २०२५पासूनच्या दरांनी ४ लाखांच्या घरावर साधी ड्यूटी १०,००० पौंड होते. ज्यांनी कधीच कुठे घर घेतलेलं नाही त्यांना ती ५,००० पडते. स्लाउचं घर भाड्याचं असेल, तर पुण्याच्या फ्लॅटमुळे तुमच्यावर ५ टक्के अधिभार बसेल, म्हणजे एकूण ३०,००० पौंड. स्लाउचं घर स्वतःचं असेल आणि ते विकून हे घेत असाल, तर अधिभार लागत नाही. ऑफर देण्याआधी हा मुद्दा सॉलिसिटरला, म्हणजे खरेदीचं काम बघणाऱ्या वकिलाला, लेखी विचारा. माझ्या ओळखीच्या दोन कुटुंबांना हे ऐन शेवटच्या आठवड्यात कळलं.

आता घर. ही घरं इतकी अरुंद आणि एकमेकांना चिकटून का आहेत, हे कळलं की त्यांची दुखणीही कळतात. किनाऱ्यापासून काही मैलांवर गुडविन सँड्स नावाचे वाळूचे मोठे दांडे आहेत. ते आणि किनारा यांच्यामधल्या पाण्याला डाउन्स म्हणतात. ईस्ट इंडिया कंपनीची मुंबईकडे निघालेली जहाजंसुद्धा वाऱ्याची वाट बघत इथे नांगर टाकून पडायची. त्यांना धान्य, पाणी, नांगर, वाटाडे पुरवणारे नावाडी किनाऱ्यालगत दाटीवाटीने घरं बांधत गेले. चोरटा मालही याच बोळांतून आत यायचा. तो इतका वाढला, की १७८४च्या सुमारास ब्रिटनचा पंतप्रधान पिट याच्या सरकारने सैन्य पाठवून डीलच्या होड्या जाळल्या. या दाटीवाटीमुळे इथे एका घराची खोली दुसऱ्याच्या जागेवर आलेली असू शकते. त्याला फ्लाइंग फ्रीहोल्ड म्हणतात. काही बँका अशा घराला कर्ज द्यायला कचरतात, म्हणून नकाशा नीट तपासून घ्या.

या भिंती विटा आणि चुन्याच्या आहेत. गावाकडचा जुना वाडा पाहिला असेल तर लगेच समजेल. चुना ओल घेतो आणि सोडतो. त्याच्यावर कुणी सिमेंटचा गिलावा केला, की ओल आत अडकते, विटा भुसभुशीत होतात, लाकूड कुजतं. घर बघताना खाली गुडघ्याच्या उंचीपर्यंत भिंतीला हात लावून बघा. नुकताच रंग दिलेला दिसला तर जास्तच बारकाईने बघा. बँकेचं व्हॅल्युएशन म्हणजे घराची तपासणी नव्हे. लेव्हल ३चा बिल्डिंग सर्व्हे, म्हणजे सगळ्यात सविस्तर तपासणी, करून घ्या, तोही चुन्याच्या बांधकामाची माहिती असलेल्या माणसाकडून.

आपल्या स्वयंपाकाचाही यात भाग आहे. रोज कुकरची वाफ, फोडणी, त्यात थंडीत घरातच वाळत घातलेले कपडे. पहिल्याच हिवाळ्यात आमच्या मागच्या खोलीत बुरशी धरली. वाफ बाहेर काढणारा पंखा हवाच, पण लिस्टेड घराच्या बाहेरच्या भिंतीला त्यासाठी भोक पाडायचं तर कौन्सिलची, म्हणजे इथल्या पालिकेची, परवानगी लागते. ती मिळू शकते, मात्र ती हातात येईपर्यंत कुणालाही ड्रिल लावू देऊ नका.

कारण विनापरवाना बदल करणं हा गुन्हा आहे, आणि तो बदल पूर्ववत करायची जबाबदारी घराबरोबर नव्या मालकाकडे येते. त्याला मुदत नसते. आमच्या घराला मागच्या बाजूला प्लॅस्टिकच्या खिडक्या होत्या, आधीच्या मालकाने न विचारता बसवलेल्या. आमच्या तेव्हाच्या सॉलिसिटरने त्याबद्दल एक प्रश्नही विचारला नाही. पुढे कौन्सिलचं पत्र आलं, आणि वर-खाली सरकणाऱ्या लाकडी सॅश खिडक्या आमच्या खर्चाने बसवाव्या लागल्या. आजही ते आठवलं की राग येतो. तुम्ही हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या यादीत त्या घराची नोंद वाचा, ती फुकट बघता येते. घराचं प्रत्यक्ष रूप तिच्याशी ताडून बघा, आणि जो फरक दिसेल त्याच्या परवानगीचा कागद मागा.

पुराचा धोका एन्व्हायर्न्मेंट एजन्सीच्या नकाशावर पोस्टकोड टाकून बघा. १ जानेवारी २००९च्या आधी बांधलेल्या घरांसाठी पूरविम्याची फ्लड री ही योजना २०३९पर्यंत आहे, तिच्यामुळे विम्याचा हप्ता आवाक्यात राहतो. ऑफर मान्य झाली म्हणजे घर तुमचं झालं असंही समजू नका. करारांची देवाणघेवाण होऊन साधारण १० टक्के रक्कम भरेपर्यंत विकणारा जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो. स्लाउचं घर भाड्याचं असेल, तर तोवर ते सोडायची नोटीस देऊ नका.

लंडनचं दोन दिवसांचं जमेल, सेंट पँक्रसला जलद गाडीने साधारण दीड तास धरा. मुलीसाठी लक्षात ठेवा, की केंटमध्ये अजून ग्रामर शाळा (परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळा) आहेत आणि त्यांची प्रवेश परीक्षा इथल्या सहावीच्या (इयर सिक्सच्या) वर्षाच्या सुरुवातीला, सप्टेंबरात होते. म्हणजे तुमच्या हातात फार वेळ नाही. गाडी दारात लागणार नाही, हेही गृहीत धरा.

सासू-सासऱ्यांचा मात्र खरंच विचार करा. या घरांचे जिने शिडीसारखे उभे असतात, आणि न्हाणीघर बहुतेक वेळा खोलीपासून एक मजला वर किंवा खाली. गावात लहान हॉस्पिटल आहे, पण रात्री-अपरात्री इमर्जन्सीला मार्गेट किंवा ॲशफर्ड गाठावं लागतं. माझे वडील आले तेव्हा दोन जिन्यांच्या धास्तीने खाली उतरायचेच नाहीत. एके दिवशी त्यांना आग्रहाने वॉल्मर कॅसलला नेलं, किनाऱ्याने सपाट रस्ता आहे. १८०३मध्ये जालन्याजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेला इंग्रज सेनापती वेलिंग्टन १८५२मध्ये याच वाड्यात वारला, त्याची खुर्ची आणि साधी खाट अजून तिथे ठेवलेली आहे. बाबा त्या खोलीत बराच वेळ उभे होते. परतल्यावर त्यांनी जिन्याच्या कठड्याची मागणी केली, आणि आम्ही रीतसर परवानगी काढून तो बसवला.

दुसऱ्यांदा घर बघायला जाल तेव्हा सासू-सासऱ्यांना बरोबर न्या. त्यांना जिना चढू द्या, उतरूही द्या. आणि जमलं तर पावसाच्या दिवशी जा.