पुरता रद्द की तेवढ्यापुरता?

धंतोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या एका कंपनीच्या नोकरीच्या करारनाम्याचं त्या मराठी करताहेत. त्यातल्या 'सेव्हरेबिलिटी' या कलमाला 'पृथक्करणीयता' म्हणायचं की 'विभाज्यता'?

ताई, मला दोन्ही नकोत. 'पृथक्करण' म्हटलं की मातीचे नाहीतर पाण्याचे नमुने आठवतात. 'विभाज्यता' तर उलट्याच दिशेला नेते. शाळेतली 3 ची कसोटी आठवा : संख्या विभाज्य, म्हणजे भाग गेल्यावर बाकी शून्य. या कलमाचा तर सगळा जीव बाकीतच आहे! एखादी अट शून्य, म्हणजे कायद्याच्या भाषेत रद्दबातल, ठरली तरी बाकीचा करार उभा राहावा, एवढंच त्याला सांगायचंय.

1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 27 बघा. कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत शून्य, असं ते म्हणतं. आपल्या बोलण्यात यासाठी नेमका शब्द आहे : तेवढ्यापुरता. गंमत म्हणजे 'पुरता' एकटा आला की अर्थ फिरतो. 'करार पुरता रद्द' म्हणजे सगळाच बुडाला. 'तेवढ्यापुरता रद्द' म्हणजे एक अट गेली; पगार, नोटीस, गुपितं राखण्याची अट जागच्या जागी. मी तरी मथळा 'अटींचं सुटेपण' देईन आणि खाली लिहीन, "एखादी अट रद्द ठरल्यास ती तेवढ्यापुरतीच रद्द समजावी, बाकी करार कायम राहील."

आणखी एक. नोकरी सोडल्यावर 2 वर्षं प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही, या अटीला तुम्ही 'बंधनकारक अट' म्हटलंय. ती 'निर्बंधाची अट'. बंधनकारक म्हणजे पाळावीच लागणारी, आणि ही तर नेमकी तशी नाही. नोकरीत असतानाचा निर्बंध सर्वोच्च न्यायालयानं 1967 मध्ये गोलिकरी खटल्यात मान्य केला. मुदत संपल्यावरचा टिकत नाही, हे 2006 मध्ये झहीर खानच्या खटल्यात पुन्हा सांगितलं. (हो, आपला श्रीरामपूरचा गोलंदाज. करार नोकरीचा नव्हता, जाहिरातींच्या व्यवस्थापनाचा होता.)

मात्र अशा वेळी न्यायालय जणू निळ्या पेन्सिलीनं (या तत्त्वाचं नावच 'ब्लू पेन्सिल') रद्द ठरलेले शब्द तेवढे खोडतं, नवे लिहून देत नाही. त्यामुळे 2 वर्षांची बंदी आणि गुपितांची अट मूळ मसुद्यात एकाच वाक्यात गुंफलेली असतील, तर मराठीतही तशीच ठेवा. वाचायला सोपं जावं म्हणून वाक्य तोडायचा मोह मलाही होतो, पण कुठून काय खोडता येईल हे त्या जोडावरच ठरतं.