कॉकर स्पॅनियल आणि स्प्रिंगर स्पॅनियल या कुत्र्यांच्या दोन जातींत नेमका फरक काय?

मुख्य फरक आकाराचा आहे: इंग्लिश स्प्रिंगर खांद्यापाशी साधारण 51 सेंटीमीटर उंच, तर इंग्लिश कॉकर 38 ते 41 सेंटीमीटर आणि वजनाने जेमतेम 13-14 किलो. रक्त मात्र एकच. एकोणिसाव्या शतकापर्यंत इंग्लंडमध्ये एकाच वेतातली लहान पिल्लं कॉकर आणि मोठी पिल्लं स्प्रिंगर म्हणून वेगळी काढत. कॉकर हे नाव वुडकॉक या पक्ष्यावरून आलं. स्प्रिंगर म्हणजे झुडपात दडलेला पक्षी किंवा ससा एकदम उठवणारा. बंदुका येण्याआधी हे काम जाळं टाकणाऱ्यांसाठी आणि ससाण्यांसाठी चाले. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबने स्प्रिंगरला 1902 मध्ये स्वतंत्र जात मानलं.

रंगावरूनही ओळख पटते. स्प्रिंगर बहुधा पांढऱ्यावर काळा किंवा गडद तपकिरी असतो. संपूर्ण सोनेरी किंवा संपूर्ण काळा दिसला तर तो कॉकर समजा.

पण स्वभावाचा अंदाज नुसत्या जातीच्या नावावरून बांधू नका. दोन्हींत शिकारीच्या कामासाठी पैदास केलेली आणि प्रदर्शनासाठी पैदास केलेली अशा वेगळ्या वंशावळी आहेत. कामाच्या वंशावळीतला छोटासा कॉकर प्रदर्शनाच्या स्प्रिंगरपेक्षा कितीतरी जास्त धावतो, आणि त्याला रोजचं काम मिळालं नाही तर तो खरोखर अस्वस्थ होतो. पिल्लू घेताना आईबाप कोणत्या वंशावळीतले, हे आधी विचारा. लोंबत्या कानांत ओल राहून संसर्ग होतो, म्हणून दोघांचेही कान नियमित तपासावे लागतात.