कंसातला पुतण्या

नमस्कार.

तुमचं पत्र आधी दोन ओळींत सांगते, म्हणजे इतर वाचकांना संदर्भ लागेल. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्याला एमएससाठी अमेरिकेला पाठवायचंय. कन्सल्टंटनं सांगितलं की प्रोफाइलमध्ये 'सोशल वर्क' हवं. म्हणून त्यानं दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या तुमच्या गावी जाऊन 'स्पेशल मुलांना' शिकवावं, असं तुमच्या मनात आहे. सरपंचांशी बोलणं झालंय. लेटरहेडवर प्रमाणपत्र देईल अशी संस्था तेवढी मी सुचवायची.

दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असतात हो! आणि तुमच्याच भागातली किती कुटुंबं त्याच सुमाराला पोराबाळांसकट कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात, हे बीडच्या माणसाला मी सांगायला नको. मुलगा गावात पोहोचेल तेव्हा शिकवायला समोर कोण असेल, हा प्रश्न दोन पानी पत्रात कुठेच नाही.

एमएसच्या, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाच्या, प्रवेशाचं एका ओळीत सांगते: तिथे मार्क, प्रोजेक्ट, प्राध्यापकांची शिफारसपत्रं आणि स्वतः लिहिलेलं उद्दिष्टपत्र बघतात. बारावीनंतर पदवीसाठी परदेशी जाणाऱ्यांचे सल्ले इथे चिकटवू नका.

पंधरा दिवसांच्या सेवेबद्दल माझं मत कडू आहे. एका ग्रामीण विशेष शाळेत गेले होते. तिथल्या बाईंनी व्हरांड्याची भिंत नखानं खरवडून दाखवली. फुलपाखराखाली सूर्य, सूर्याखाली हत्ती, त्याखाली पुन्हा फुलपाखरू. दर हिवाळ्यात नवी तुकडी येते, उत्साहानं भिंत रंगवते, मुलांबरोबर फोटो काढते आणि जाते. "आम्हाला हवा होता दर शनिवारी येणारा एक माणूस," बाई म्हणाल्या, "आम्हाला मिळाले रंगाचे चार थर." अनोळखी पाहुण्यांच्या गर्दीत स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांची घडी विसकटते, ती बसवायला पुढचा आठवडा जातो, हेही त्यांनीच सांगितलं.

पण मी थांबले ते दुसऱ्याच ओळीपाशी. पत्राच्या शेवटी तुम्ही कंसात लिहिलंय: "गावी माझा पुतण्या चौथीत आहे, शिवाजी महाराजांच्या गोष्टी तोंडपाठ सांगतो, पण पुस्तकातली एक ओळ वाचत नाही. आळशी आहे. भाऊ मारतो, तरी सुधारत नाही. त्यालाही माझा मुलगा जरा शिकवेल."

अहो, तुमचं खरं पत्र एवढंच आहे. बाकीचं कंसात टाकायला हवं होतं.

अफजलखानाची अख्खी गोष्ट क्रमानं सांगणारा मुलगा आळशीही नसतो आणि 'ढ'ही नसतो. ऐकून घेणं, लक्षात ठेवणं, सांगणं हे सगळं त्याला जमतंय. अडतंय ते अक्षरापाशी. अशी मुलं 'घर'चं 'धर' वाचतात, 'भ' आणि 'म'मध्ये गोंधळतात, काना-वेलांटी गाळतात, जोडाक्षर आलं की अंदाज ठोकतात आणि हशा झाला की तोंड मिटून बसतात. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. तिचा मतिमंदत्वाशी संबंध नाही, आणि ती मारानं किंवा जादा शिकवणीनंही जात नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ती आहे. मात्र न वाचणारं प्रत्येक मूल अध्ययन अक्षम असतं असंही समजू नका. कुणाला फळा दिसत नसतो, कुणाला एका कानानं कमी ऐकू येतं, कुणाचं निम्मं वर्ष ऊसतोडीत जातं, कुणाच्या घरची बोली पुस्तकापेक्षा वेगळी असते. म्हणून निदान तुम्हीही करायचं नाही, मीही नाही आणि तुमच्या इंजिनिअर मुलानं तर नाहीच.

आधी डोळे आणि कान तपासा. मुलांची आरोग्य तपासणी करणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं. आलं नसेल तर ग्रामीण रुग्णालयात विचारा. तिथून जिल्हा रुग्णालयाकडे पाठवता येतं. दुसरं, आष्टीच्या गट साधन केंद्रात, म्हणजे शिक्षण विभागाच्या तालुक्याच्या केंद्रात, समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक कोण, हे मुख्याध्यापकांना विचारा. मराठीतून वाचणाऱ्या मुलाची चाचणी इंग्रजीतून घेऊन चालत नाही. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 'डाली' नावाचा चाचणीसंच मराठीतही केलेला आहे, तेव्हा मानसतज्ज्ञांकडे गेलात तर मराठी चाचणीचाच आग्रह धरा. निदान झालं तर अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळू शकतं. मग दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. तुम्ही शोधत होता त्यापेक्षा हे प्रमाणपत्र जास्त कामाचं आहे.

आता तुमच्या मुलाचं. त्याला स्वतःला यातलं काही करायचंय का? अख्ख्या पत्रात त्याचं एक वाक्य नाही. 'त्याला पाठवतो', 'त्याला करायला लावतो', सगळीकडे कर्ता तुम्हीच. वीस वर्षांच्या मुलाची समाजसेवासुद्धा बापानं ठरवायची? त्याला नको असेल तर विषय संपला, त्यात कमीपणा काही नाही. हवं असेल तर चिंचवडमध्ये तुमच्या घरी बसून करता येईल असं काम आहे. बालभारतीची पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. चौथीच्या इतिहासाचे, परिसर अभ्यासाचे धडे त्यानं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून चुलतभावाला पाठवावेत. रोज रात्री वीस मिनिटं फोनवर तुमच्या मुलानं ओळ वाचायची, पुतण्यानं बोट ठेवत पुस्तकात बघायची. चुकलं तर हसायचं नाही. जूनपर्यंत तुमचा मुलगा एकही दिवस न चुकता टिकला, तर आपल्याला हे काम झेपतं की नाही ते त्याचं त्यालाच कळेल. त्या पोराचे फोटो मात्र स्टेटसला टाकायचे नाहीत.

पुढेमागे त्याला यातच करिअर करावंसं वाटलं, तर विशेष शिक्षणातली पदविका किंवा बी.एड. आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. नुसत्या मायेवर विशेष शिक्षक होता येत नाही. पण ते नंतर.

आज संध्याकाळी भावाला फोन करा. मार बंद, हे पहिलं. मग विचारा, पोरगा वर्गात कितव्या बाकावर बसतो आणि तिथून त्याला फळा दिसतो का. उत्तर आलं की मला कळवा. आणि मुलाला काही विचारायचं असेल, तर पत्र त्यानंच लिहावं.