विचारलं आणि पुसून टाकलं

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या गावचा कपाशी-सोयाबीनचा व्हॉट्सॲप ग्रुप मी चालवतो. लोक प्रश्न विचारतात, जाणकार मंडळी रात्री जेवणं आटोपून सविस्तर उत्तर लिहितात आणि सकाळी पाहावं तर प्रश्न गायब. उत्तर देणारे आता चिडलेत. म्हणतात, आम्ही काय भिंतीशी बोलतो? लोक असं का करतात? डिलीट करणाऱ्याला ग्रुपमधून काढायचा नियम करावा का?
– एक ॲडमिन, ता. देवळी, जि. वर्धा

उत्तर : नियम करू नका भाऊ. केलात तर डिलीट करणं थांबेल, कारण कुणी विचारणारच नाही.

माझं कृषी केंद्र आहे. काउंटरवर चार माणसं उभी असली की आलेला गडी युरिया आला का विचारतो, पावसाबद्दल बोलतो, तंबाखू मळतो. ती चार माणसं गेली की खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पिकाचं पान निघतं. तेच दाखवायला तो आलेला असतो. तुमच्या ग्रुपवरून ती चार माणसं कधी जातच नाहीत. त्यात शेजारी आहे, चुलतभाऊ आहे, उधारीवर खत देणारा आहे, आणि एखादा होणारा व्याहीसुद्धा असायचा.

मागच्या खरिपात आमच्या ग्रुपवर एकानं कपाशीचा फोटो टाकला. शेंड्याची पानं अरुंद, लांबुळकी, बोटं फुटल्यासारखी कातरलेली. खाली लिहिलं, "हा कोणता व्हायरस होय?" एका जुन्या शेतकऱ्यानं लगेच उत्तर दिलं, "व्हायरस नाही रे बाप्पा. पानं भेंडीवानी झाली न? टू फोर डी मारलेला पंप धुतला नाही तू." उत्तर अगदी बरोबर होतं. टू फोर डी या तणनाशकाला कपाशी फार नाजूक. पंपात उरलेल्या अंशानं, नाहीतर शेजारच्या धुऱ्यावरून वाऱ्यानं आलेल्या फवाऱ्यानंही पानं अशी होतात. पण त्याखाली तीन-चार हसरे चेहरे आले आणि मग एकानं लिहिलं, "मागं बाभूळ दिसते, नाल्याकडचं वावर होय काय?" संपलं. पाच मिनिटांत फोटो गेला. ऐन फवारणीच्या दिवसांत अख्ख्या गावाच्या कामाचा धडा होता तो, तो त्या बाभळीपायी गेला.

लाजेखेरीज दुसरीही कारणं आहेत. तणनाशक सहन करणारं, सरकारची मान्यता नसलेलं बियाणं, ज्याला आपण चोर बीटी म्हणतो, त्यावर काय मारायचं असं कुणी भोळेपणानं विचारतो आणि मग ध्यानात येतं की ग्रुपवर कृषी सहायक साहेबही आहेत. (माझ्या दुकानात ते मिळत नाही, विचारायला येऊ नका.) वेचणीचा किलोमागे काय भाव चालू आहे असं विचारणाऱ्याला उशिरा आठवतं की वेचायला येणाऱ्या बायांची पोरं त्याच ग्रुपवर आहेत. कुणी बोंडांनी लदलेल्या झाडाचा फोटो कौतुकानं टाकतो आणि घरून आवाज येतो, "काढा तो फोटो, नजर लागते अन् उधारीवालेही येतात." आणि काही जण तर निव्वळ काम झालं म्हणून पुसतात. त्यांच्या मनात वाईट काही नसतं. औषधाचं नाव मिळालं, चिठ्ठी फाडली.

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, मावशी, आमच्यातही हेच. स्टॅक ओव्हरफ्लो म्हणून प्रोग्रामरांची जागा आहे, 2008 पासूनची. तिथं विद्यार्थी गृहपाठाचा प्रश्न विचारतात आणि मास्तरांना सापडू नये म्हणून पुसायला बघतात. त्यावर त्यांचा नियम असा की, कुणी चांगलं म्हणून मत दिलेलं उत्तर एकदा आलं की विचारणाऱ्याला तो प्रश्न एकट्यानं काढता येत नाही. रेडिट म्हणून गप्पांची साइट आहे, तिथं प्रश्न काढला तर विचारणाऱ्याचं नाव जातं, खालची उत्तरं राहतात. 2024 मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोनं चॅटजीपीटीवाल्या ओपनएआय कंपनीशी करार केला, तेव्हा तर उत्तर देणारेच रागावले. आमचं फुकटचं ज्ञान तुम्ही देऊन टाकता म्हणून काहींनी आपली जुनी उत्तरं पुसायला घेतली, तर त्यांचीच खाती काही काळ बंद झाली. पण भाऊ, ती मंडळी एकमेकांना ओळखत नाहीत. तिथला नियम इथं चालायचा नाही. तुमच्याकडे बाभळीवरून माणूस ओळखतात.

तेव्हा माणसाला जाऊ द्या, उत्तर मात्र धरून ठेवा. माझी खरी काळजी वेगळीच आहे. प्रश्न गेला आणि उत्तर अर्धवट लोंबकळत राहिलं तर ते विषासारखं आहे. समजा, कुणी सोयाबीनमधल्या तणाचं विचारलं. उत्तर आलं, "इमॅझेथापायर मार, पंपाला 40 मिली." वरचा प्रश्न पुसला गेला. दुसऱ्या दिवशी ग्रुप उघडणाऱ्याला सोयाबीन कुठं दिसतं? त्याच्या डोक्यात त्याची कपाशी असते. ते औषध सोयाबीनला चालतं, कपाशीवर गेलं तर कपाशी हातची गेली. कीटकनाशकाचं तर बोलायलाच नको. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. औषधाच्या मात्रेत मोघमपणा मला तरी चालत नाही.

म्हणून नियम करायचाच तर उत्तर देणाऱ्यांसाठी करा. पीक कोणतं, किती दिवसांचं, पंप किती लिटरचा, हे उत्तरातच लिहायचं. "हो, तेच मार" असं उत्तर द्यायचं नाही. वरचा प्रश्न गेलेला दिसला तर उत्तर देणाऱ्यानं आपलं उत्तर नीट करून परत टाकावं. व्हॉट्सॲपवर टाकलेला मेसेज दुरुस्त करायला 15 मिनिटंच मिळतात, म्हणून परत टाका म्हणते. सगळ्यांसाठी पुसायला मात्र दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ आहे. 2017 मध्ये ही सोय आली तेव्हा अवघी सात मिनिटं होती. तेव्हा माणसाला इतक्या सावकाश पस्तावता येत नव्हतं.

आणि तुम्ही स्वतः दोन गोष्टी करा. ज्याला नावानं विचारायचं नाही त्यानं तुम्हाला एकट्याला पाठवावं, तुम्ही नाव न घेता ग्रुपवर टाकावं. फोटोतली बाभूळ, विहीर, बैलजोडी कापून मगच टाका, नाहीतर उपयोग नाही. दुसरं म्हणजे "काय होतं भाऊ? काहून डिलीट केलं?" असं विचारणाऱ्यांना फोन करून समजवा. पुसलेल्या मेसेजइतकं ग्रुपवर दुसरं काहीच वाचलं जात नाही. चौकशी झाली की दिवसभर लोक तेच चघळतात आणि तो माणूस पुढच्या वेळी सरळ दुकानदार देईल ते औषध उचलतो. मी दुकानदार असून सांगते.

प्रश्न : ताई, मी आमच्या बचत गटाच्या ग्रुपची ॲडमिन आहे. कुणी वाकडंतिकडं लिहिलं तर पोलीस ॲडमिनलाच धरतात असं सगळे म्हणतात. भीतीपोटी मी थोडं जरी भांडण दिसलं की बायांचे मेसेज काढत बसते. चूक आहे का?
– एक भगिनी, जि. गोंदिया

उत्तर : भीती सोडा ताई. तुमच्याच जिल्ह्यातल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये निकाल दिलेला आहे. ग्रुपमधल्या एकानं एका बाईबद्दल घाणेरडं लिहिलं, ॲडमिननं त्याला काढलं नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला होता. न्यायालयानं तो रद्द केला. दोघांचा मिळून बेत होता असं दिसत नसेल तर सभासदानं लिहिल्याचा दोष ॲडमिनवर येत नाही, आणि कोण काय लिहिणार हे ॲडमिनला आधी कळतही नाही, असं त्यात म्हटलं आहे.

शिवीगाळ, कुणाच्या लेकीसुनेबद्दल लिहिलेलं, हे जरूर काढा. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज काढता येतो, पण तुम्ही काढलात हे तिथं सगळ्यांना दिसतं, म्हणून आधी लिहिणाऱ्या बाईला फोन करा आणि तिलाच काढायला सांगा. हप्त्यावरून, हिशेबावरून चाललेल्या वादाला मात्र हात लावू नका. पुढच्या बैठकीत वही उघडल्यावर कोण काय म्हणालं होतं ते त्यातच सापडणार आहे.