नव्या पिकअपला विंटर टायर की ऑल-टेरेन? (गाडी इंदूरची, सहल जानेवारीत स्पितीची)

तुम्ही लिहिलंय: नवी हायलक्स (टोयोटाची पिकअप), टायर २६५/६५ आर १७, आठशे किलोमीटर झाले. रोजचं जाणं-येणं इंदूर ते पीथमपूर, पावसाळ्यात देपालपूरकडच्या शेतावर फेऱ्या आणि जानेवारीत किन्नौरमार्गे स्पिती. विंटर टायर घ्यावेत की ऑल-टेरेन?

विंटर टायर घेऊ नका. ऑल-टेरेन, म्हणजे पक्का रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारे, घ्या, पण हिमकणाची खूण असलेलेच (ती कशी ओळखायची ते पुढे सांगतो), आणि बर्फासाठी चाकांना लावायच्या साखळ्या सोबत ठेवा. आता कारणं, कारण दुकानात गेलात की तिथला माणूस तुम्हाला भलतीकडे नेईल.

विंटर टायरचा रबर मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, सिलिका जास्त घालून. साधारण सात अंशांच्या खाली नेहमीचा टायर कडक व्हायला लागतो, तेव्हाही हा लवचीक राहतो. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली गेला तरी दुपारी बायपासचं डांबर कोमट असतं, आणि मे महिन्यात हवाच बेचाळीसला पोचते, डांबर त्याहून कितीतरी जास्त. त्या उष्णतेत मऊ रबराचे ठोकळे रस्त्यावर वाकतात, ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, आणि बर्फात चार हंगाम टिकणारा टायर इथे कितीतरी लवकर घासून निघतो. फिनलंडच्या नोकियनने १९३४ मध्ये पहिला विंटर टायर काढला तो त्यांच्या हवेसाठी. तिथे लोक चाकांचे दोन संच ठेवतात आणि ऋतू बदलला की बदलतात. तुम्ही दहा दिवसांसाठी दुसरा संच ठेवणार का, हा खरा प्रश्न. शिवाय टायरवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे आणि जून २०२० पासून टायरच्या आयातीवर परवान्याची अट आहे, त्यामुळे पिकअपच्या मापाचा विंटर टायर इथल्या दुकानात मिळणं अवघडच. गंमत म्हणजे आपल्या अपोलोचीच व्रेडेस्टाइन ही डच कंपनी (२००९ मध्ये घेतलेली) युरोपात विंटर टायर विकते.

आता ऑल-टेरेन. हे नाव म्हणजे कसलंही प्रमाणपत्र नाही, कुणीही छापू शकतं. बाजूच्या भिंतीवर 'एम' आणि 'एस' ही अक्षरं असली, तरी त्याचा अर्थ एवढाच की नक्षीतल्या खाचा चिखल-बर्फासाठी पुरेशा रुंद आहेत. ती चाचणी नव्हे. खरी खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण. ही असेल तर त्या टायरने दाबलेल्या बर्फावर पकडीची परीक्षा दिलेली असते. काचेसारख्या घट्ट बर्फाची परीक्षा तीत नसते, हेही ध्यानात असू द्या. बीएफगुडरिच केओ२, योकोहामा जिओलँडर जी०१५, जनरल ग्रॅबर एटी३, फाल्कन वाइल्डपीक एटी३डब्ल्यू यांच्या बऱ्याच मापांत ही खूण येते. बऱ्याच, सगळ्या नाही. त्यामुळे दुकानदार काय म्हणतो ते ऐकून घ्या आणि तुमच्या मापाचा टायर हातात घेऊन भिंतीवर बोट ठेवून बघा. खूण दिसली नाही तर तो टायर शेतासाठी चांगला असेल, स्पितीसाठी नाही.

बर्फ आणि काळी माती टायरकडून नेमक्या उलट गोष्टी मागतात, आणि निवड सगळ्यात जास्त इथेच चुकते. बर्फावर खाचा बर्फाने भरलेल्याच हव्यात, कारण बर्फाला बर्फ धरतो. मुठीत दाबला की गोळा होतो तसा. म्हणून ठोकळ्यांवर ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक फटी, ज्यांना साइप म्हणतात, जितक्या जास्त तितकी पकड जास्त. देपालपूरच्या काळ्या मातीत मात्र भरलेली खाच म्हणजे संपलेला टायर. तिथे माती बाहेर फेकली जायला हवी, आणि त्यासाठी रुंद खाचा आणि थोडे ठोकळे लागतात. ते काम मड-टेरेनचं, म्हणजे चिखलासाठीच्या टायरचं. जुलैच्या झडीत ऑल-टेरेन दोन चकरांत तुळतुळीत लाडू होतो, कुठल्याही कंपनीचा असो. म्हणून 'शेत आहे ना, मग मड-टेरेनच घ्या' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका: त्यात साइप जवळजवळ नसतात, बर्फावर तो ऑल-टेरेनपेक्षा वाईट चालतो, आणि पीथमपूरच्या रस्त्यावर रोज कान किटतील. शेतावर वाफसा येईपर्यंत थांबा. जाणं टाळता येण्यासारखं नसेल तर हवा २२ पीएसआयपर्यंत उतरवा, एका लयीत चालत राहा, मध्ये थांबू नका, आणि पक्क्या रस्त्यावर येताच पुन्हा भरा. बाभळीच्या काट्याला आणि माळव्याच्या धारदार काळ्या दगडाला जाड नक्षी आणि मजबूत भिंत उपयोगी पडते, आणि इथे ऑल-टेरेन खरोखर पैसे वसूल करून देतो.

मापात हौस करू नका. २६५/६५ आर १७ चा व्यास सुमारे ७७६ मिलिमीटर. दुकानात २६५/७० आर १७ दाखवतील, 'जरा भरलेला दिसतो' म्हणून. त्याचा व्यास सुमारे ८०३, म्हणजे साडेतीन टक्के जास्त. मीटर शंभर दाखवेल तेव्हा गाडी १०३ वर असेल, ब्रेक आणि गिअर दोन्हींना जास्त ओझं, पुढच्या चाकाला साखळी लावायला आत जागा कमी, आणि उद्या दाव्याच्या वेळी विमा कंपनीला बोट ठेवायला एक जागा. तेच माप ठेवा. वजनाचा आकडा ११२ किंवा त्याहून वर पाहा. ११२ म्हणजे एका टायरवर १,१२० किलो. वेगाचं अक्षर एस असलं तर १८० किलोमीटरपर्यंत चालतं, आणि पीथमपूरच्या नॅट्रॅक्सच्या (गाड्यांच्या चाचणी केंद्राच्या) ११.३ किलोमीटरच्या ट्रॅकवर जायचं नसेल तर भरपूर झालं.

एलटी हा वेगळा मामला. मापाआधी एलटी लिहिलेलं असेल तर तो हलक्या ट्रकचा टायर: भिंत जाड, जड, आणि तेवढंच वजन उचलायला त्याला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. मागे नेहमी चारपाचशे किलो माल असेल तर घ्या. तुमची गाडी बहुतेक रिकामी धावणार, तेव्हा मागचा भाग उड्या मारेल आणि मायलेजही जास्त घटेल. साध्या ऑल-टेरेननेही मायलेज थोडं कमी होतंच, आणि साठ-सत्तरनंतर घुंऽऽ असा आवाज येतो. ओल्या डांबरावर ब्रेकचं अंतरही कंपनीच्या रस्त्याच्या टायरपेक्षा थोडं वाढतं, म्हणून पहिल्या पावसात बायपासवर पुढच्या गाडीपासून जरा लांब राहा.

घ्यायचे तर पाच घ्या. चार ऑल-टेरेन आणि स्टेपनी जुनी, हे फोर बाय फोरमध्ये महागात पडतं. नवा ऑल-टेरेन दहा-बारा मिलिमीटर खोल, रस्त्याचा टायर आठेक. चार मिलिमीटरचा फरक म्हणजे व्यासात आठ, म्हणजे एक टक्का. फोर-एचमध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या नेहमीच्या वेगाच्या गिअरमध्ये) पुढचा आणि मागचा दोन्ही एक्सल एकाच वेगाने फिरायला बांधलेले असतात. घेर वेगळा असेल तर तो ताण कुठेतरी निघणारच: बर्फावर घसरून निघतो, कोरड्या डांबरावर ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत. (समान टायर असले तरी कोरड्या रस्त्यावर फोर-एच लावू नका, कारण तेच.) पाचही टायर दर आठ-दहा हजार किलोमीटरला फिरवत राहिलात तर घेर सारखा राहतो.

कंपनीचे टायर आठशे किलोमीटरचेच आहेत, म्हणजे आत्ता काढले तर त्यांना बदल्यात चांगली किंमत मिळते. पाच हजार झाले की ती झपाट्याने उतरते. देवास नाक्याच्या बाजूला दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, आणि बदलीचा भाव नव्या टायरच्या बिलात मिसळू देऊ नका, वेगळा लिहून घ्या. नव्या टायरवर चार आकडी तारीख असते: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. पाचही टायरची बघा, सहा महिन्यांपेक्षा जुना माल असेल तर किंमत कमी करून घ्या. बसवताना व्हॉल्व्ह नवे, बॅलन्सिंग नक्की, अलाइनमेंट शेवटी, आणि नट हवेच्या गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका. मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क पान्याने, आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

आता स्पिती. हिवाळ्यात मनालीहून येणारा कुंझुम खिंडीचा रस्ता बंद असतो, तुम्ही शिमला-किन्नौरने निघताय ते बरोबरच. या रस्त्यावर जाड बर्फापेक्षा भीती पातळ, काळ्या बर्फाची. नाकोजवळच्या मलिंग नाल्यासारख्या जागी दिवसा पाणी रस्त्यावरून वाहतं आणि रात्री गोठतं. सकाळी ते ओल्या डांबरासारखंच दिसतं. इथे कुठलाही ऑल-टेरेन, हिमकण असो नसो, भरवशाचा नाही. इथे साखळीच. आणि सावलीचं वळण असेल तर ऊन येईपर्यंत, म्हणजे दहा-अकरापर्यंत, मुक्कामावरच थांबलेलं बरं. फोर बाय फोर गाडी पुढे नेतं, थांबवत नाही. ब्रेक चारही चाकांचेच आणि पकड टायरचीच.

साखळी २६५/६५ आर १७ असं माप सांगूनच घ्या, 'सगळ्यांना बसते' अशी नको. एकच जोडी असेल तर पिकअपमध्ये ती सहसा मागच्या चाकांना लागते, पण तुमचं मॅन्युअल काय म्हणतं ते आधी वाचा. दोन जोड्या असतील तर उतारावर मोठा फरक पडतो, कारण मागेच साखळी असेल तर वळणावर पुढचा भाग सरळ जायला बघतो. लावायची पद्धत: साखळी चाकामागे पसरा, आतली तार टायरच्या पाठीमागून वर घेऊन आधी तीच अडकवा, मग बाहेरची, मग ताणाची कडी. पन्नास-शंभर मीटर चाला, उतरा, पुन्हा ताणा. पहिल्यांदा ती हमखास सैल पडलेली असते. सैल साखळी ब्रेकच्या होजवर आपटते. चाळीसच्या वर जाऊ नका आणि डांबर दिसलं की काढा. निघण्यापूर्वी घरच्या पार्किंगमध्ये दोनदा लावून पाहा, हातमोजे घालूनच, कारण उणे दहाला उघड्या बोटांनी कडी लागत नाही.

रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका, म्हणून बर्फावर तोच आधी सुटतो. पंचवीस किलोच्या चार वाळूच्या गोण्या मागच्या एक्सलच्या वर, पट्ट्याने आवळून. अगदी मागच्या फाळक्यापाशी ठेवू नका, पुढची चाकं हलकी होतात. चाक फिरायला लागलं तर त्यातलीच वाळू खाली टाकता येते.

हवेबद्दल एक हिशोब, कारण यात लोक घाबरून जास्त भरतात. समजा इंदूरला वीस अंशांत ३५ पीएसआय आहे. काझाला पहाटे उणे पंधरा असेल, तर नुसत्या थंडीने मीटर साधारण २९ दाखवेल असं वाटतं. पण काझा सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे, तिथे बाहेरची हवाच विरळ, त्यामुळे मीटर चार-साडेचारने वर येतो आणि ३३-३४ दिसतो. म्हणजे तिथे जाऊन भरायची गरज फारशी पडत नाही. मोजा मात्र सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, आणि मापक तुमचाच असू द्या. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर सोबत असलाच पाहिजे, शेतासाठीही तोच कामी येतो.

स्पितीला निघताना नक्षी किमान सहा मिलिमीटर असावी. कायद्याची मर्यादा १.६ आहे, पण बर्फात चारच्या खाली ऑल-टेरेन आणि रस्त्याचा टायर यांत फरक उरत नाही. यंदा नवे असल्याने प्रश्न नाही. तीन वर्षांनी पुन्हा जाणार असाल तर आधी खोली मोजा.