मानेतील धमनी अरुंद: गोळ्या, शस्त्रक्रिया की स्टेंट?

प्रश्न : वडील 68 वर्षांचे आहेत. मागच्या आठवड्यात त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर दहा मिनिटे पडदा आल्यासारखे झाले, मग सगळे पूर्ववत. डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) उजवी कॅरोटिड, म्हणजे मेंदूकडे रक्त नेणारी मानेतील धमनी, 75 टक्के अरुंद निघाली. आता काहीच त्रास नाही. महिनाभर थांबून निर्णय घेतला तर चालेल का?

नाही, थांबू नका. आता बरे वाटते आहे, हीच यातली फसवी गोष्ट आहे. धमनीच्या आतल्या चरबीच्या थराला तडा जातो, त्यावर रक्ताची बारीक गुठळी धरते आणि तिचा तुकडा सुटून वर जातो. वडिलांच्या बाबतीत तो डोळ्याच्या रक्तवाहिनीत गेला आणि विरघळला. पुढचा तुकडा मेंदूत अडकू शकतो, आणि हा धोका पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक असतो.

अशा रुग्णांत धमनी 70 ते 99 टक्के अरुंद असेल, तर ती उघडून थर काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे एन्डार्टरेक्टॉमी, फार उपयोगी ठरते. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या नॅसेट या उत्तर अमेरिकेतील अभ्यासात केवळ औषधे घेणाऱ्या 26 टक्के रुग्णांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला; शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण 9 टक्के होते. 50 ते 69 टक्क्यांत फायदा कमी, 50 च्या खाली नाही. शस्त्रक्रिया लक्षण दिसल्यापासून दोन आठवड्यांच्या आत व्हावी. त्यानंतर तिचा फायदा झपाट्याने घटतो.

तोवर ॲस्पिरिन आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) डॉक्टरांच्या सल्ल्याने लगेच सुरू व्हायला हवे. शस्त्रक्रिया ठरली म्हणून ॲस्पिरिन स्वतःहून बंद करू नका. हात जड पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर ते ओसरण्याची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात न्या.

प्रश्न : मला कधीच काही झाले नाही, पण तपासणीत डावी बाजू 65 टक्के अरुंद सापडली. शस्त्रक्रिया करावी का?

टक्केवारी मोठी दिसली तरी तुमचा धोका वरच्या रुग्णाच्या तुलनेत बराच कमी आहे. 1995 च्या ॲकास अभ्यासात अशा, म्हणजे लक्षणे नसलेल्या पण 60 टक्के किंवा जास्त अरुंद धमनीच्या रुग्णांत पाच वर्षांतला धोका औषधांवर 11 टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर 5.1 टक्के असा निघाला. तेव्हाची औषधे मात्र आजच्याइतकी प्रभावी नव्हती, त्यामुळे आज हा फरक आणखी आकसला आहे. आधी औषधे चोख घ्यावीत, असे आमचे मत: एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 70 च्या खाली, रक्तदाब 130/80 च्या आसपास, मधुमेह ताब्यात, तंबाखू पूर्ण बंद. दर सहा ते बारा महिन्यांनी डॉपलर करा, शक्यतो त्याच केंद्रात, कारण मोजण्याच्या पद्धतीने आकडा बदलतो. अरुंदपणा वाढत असेल किंवा थर ठिसूळ दिसत असेल, तर पुन्हा विचार करावा.

शस्त्रक्रियेचा विचार झालाच, तर सर्जनना त्यांच्या रुग्णांतील पक्षाघात व मृत्यूचे एकत्रित प्रमाण जरूर विचारा. लक्षणे नसलेल्यांत ते 3 टक्क्यांच्या आत, लक्षणे असलेल्यांत 6 टक्क्यांच्या आत असावे. ते जास्त असेल, तर फायदा ऑपरेशनच्या टेबलावरच संपतो.

प्रश्न : स्टेंटमध्ये मान कापावी लागत नाही. मग तोच सोपा नाही का?

शरीराला सोपा, मेंदूला नेहमीच नाही. स्टेंट म्हणजे धमनी आतून उघडी ठेवणारी जाळीची नळी; ती बसवायला जांघेतून तार महाधमनीच्या कमानीतून वर न्यावी लागते. वयस्कर माणसात ही कमान वाकडीतिकडी आणि चुन्याने कडक झालेली असते; तिथले कण सुटून मेंदूत जातात. कण अडवायला वर गाळणी लावली तरी सगळे अडकत नाहीत, कारण काही कण ती लावण्याआधीच सुटलेले असतात. 2010 च्या क्रेस्ट अभ्यासात उपचाराच्या आसपासच्या काळात पक्षाघात स्टेंटमध्ये 4.1 टक्के, शस्त्रक्रियेत 2.3; हृदयविकाराचा झटका मात्र उलट, 1.1 विरुद्ध 2.3. सत्तरीपुढे शस्त्रक्रियेचे पारडे जड होते. मानेवर पूर्वी रेडिएशन झाले असेल, आधीची शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागत असेल किंवा हृदय भूल सोसणारे नसेल, तर स्टेंट बरा. स्टेंटनंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही गुठळी रोखणारी औषधे दोन्ही किमान चार आठवडे घ्यावी लागतात. एकही दिवस चुकवू नका, नाहीतर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते.

प्रश्न : शस्त्रक्रियेनंतर घरी कशावर लक्ष ठेवायचे?

मान वेगाने सुजू लागली किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर तत्काळ रुग्णालय गाठा. आत रक्त साचत असते. आवाज घोगरा होणे, जीभ एका बाजूला वळणे, ओठाचा कोपरा खाली ओढला जाणे हे नसा ताणल्याने होते आणि बहुधा काही आठवड्यांत सुधारते. पहिल्या दोनतीन आठवड्यांत त्याच बाजूला तीव्र डोकेदुखी आणि वाढलेला रक्तदाब दिसला, तर डोकेदुखीची गोळी देऊन थांबू नका. अचानक वाढलेला रक्तपुरवठा मेंदूला झेपत नसल्याची ती खूण असते आणि त्यातून आकडी (फिट) येऊ शकते किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून घरी सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून लिहून ठेवा.

प्रश्न : धमनी 100 टक्के बंद असेल तर?

पूर्ण बंद धमनी सहसा उघडत नाहीत. ती उघडताना गुठळी वर जाण्याचा धोका असतो. औषधे आणि दुसऱ्या बाजूच्या धमनीची नियमित तपासणी, हाच उपचार.