अबेओकुटा खरंच एका खडकाच्या आडोशाला वसलं का, आणि तिथे आजही चार राजे कसे?

खडक खरा आहे. नायजेरियात, लागोसच्या उत्तरेला, ओगुन नदीच्या पूर्व काठावरच्या अबेओकुटा शहरात ओलुमो नावाचा ग्रॅनाइटचा अवाढव्य कातळ आहे आणि 1830 साली एग्बा लोक त्याच्या आश्रयाला आले. पण तेवढंच सांगून थांबलं तर चार राजांचं कोडं सुटत नाही. त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

एग्बा ही नैऋत्य नायजेरियातल्या योरुबा लोकांचीच एक शाखा. आजच्या शहराच्या पूर्वेला असलेल्या जंगलात त्यांची शंभराहून अधिक गावं विखुरलेली होती, प्रत्येकाचा कारभार वेगळा. वर ओयो साम्राज्याची सत्ता. ओयोचे 'इलारी' म्हणजे राजाचे अधिकारी गावोगावी बसून खंडणी वसूल करायचे आणि मनमानीही करायचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिशाबी नावाच्या शेतकऱ्याने याला शह दिला. एकमेकांच्या शेतात पाळीपाळीने राबण्याची तिकडे 'आरो' नावाची पद्धत आहे, आपल्याकडची सावडच म्हणा. त्याच गटांतून त्याने गुपचूप सैन्य उभं केलं आणि ठरल्या इशाऱ्यावर गावोगावचे इलारी मारले गेले. शेतीच्या कामाला माणसं जमतात, त्यात संशय कोण घेणार! एग्बा आजही दरवर्षी लिशाबीचा उत्सव करतात.

हे स्वातंत्र्य फार काळ टिकलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओयो साम्राज्य आतून पोखरलं, उत्तरेकडचे निर्वासित दक्षिणेला लोटले. इफे आणि इजेबू या योरुबा राज्यांच्या फौजांनी या निर्वासितांना हाताशी धरून ओवू हे मोठं नगर वेढा घालून पाडलं. त्यानंतर हीच फौज एग्बांच्या गावांवर उलटली. गावं एकजुटीने लढली असं समजू नका. काही गावं शेजाऱ्यांविरुद्ध याच फौजेला सामील झाली, आणि शेवटी त्यांचीही गत तीच झाली. उरलेले एग्बा इबादानच्या छावणीत, ज्यांनी आपली घरं जाळली त्यांच्याच शेजारी, जीव मुठीत धरून राहू लागले. तिथेही खटके उडाले, तेव्हा शोडेके नावाच्या सेनानीच्या मागे ते पश्चिमेकडे निघाले.

ओलुमोची जागा त्यांना अगदीच अनोळखी नव्हती. कातळाजवळ इटोको या एग्बा गावच्या आदाग्बा नावाच्या माणसाचं शेत होतं. म्हणून अबेओकुटाला 'ओको आदाग्बा', म्हणजे आदाग्बाचं शेत, असंही म्हणतात. कातळाच्या कपारीत आसरा आणि माथ्यावरून चारी दिशांना नजर, दोन्हींची सोय झाली. आता तिथे पायऱ्या आहेत, लिफ्टही आहे. मी मात्र पायऱ्यांनीच चढलो आणि धापा टाकत वर पोचलो.

माझ्या मते खरी नवलाची गोष्ट पुढची आहे. एवढी गावं एका तटबंदीच्या आत आली, पण एकमेकांत विरघळली नाहीत. इटोको, इजेमो, केम्टा, इग्बेइन अशी प्रत्येकाने आपापली वस्ती वेगळी थाटली, नाव तेच, पंचमंडळी तीच. या मंडळींच्या सभेला 'ओग्बोनी' म्हणतात. लागोसला नोकरीत असताना एका सहकाऱ्याला "अबेओकुटाचा ना तू?" असं विचारलं, तर तो म्हणाला, "मी केम्टाचा." मूळचं केम्टा जाऊन दोनशे वर्षं होत आली! 1834 मध्ये ओवूचे वाचलेले लोकही येऊन मिळाले. ज्यांच्या युद्धापासून हे सगळं पेटलं, तेही याच तटाच्या आत.

1839 च्या सुमारास आणखी एक लोंढा आला, तो समुद्रावरून. गुलाम म्हणून विकले गेलेले, ब्रिटिश गस्ती जहाजांनी सोडवून सिएरा लिओनमध्ये उतरवलेले एग्बा परतू लागले. त्यांच्यामागून मिशनरी आले. त्यांतला सॅम्युएल अजायी क्राउदर स्वतः योरुबाच, लहानपणी पकडून विकला गेलेला. 1846 मध्ये याच गावात त्याला त्याची आई भेटली, पंचवीसएक वर्षांनी. अशा भेटी तेव्हा आणखीही घराघरांत झाल्या असणार.

आता राजांचं. शोडेके राजा नव्हता, सेनापती होता. तो 1845 मध्ये वारला. 1851 मध्ये पश्चिमेकडच्या दाहोमी राज्याच्या फौजेचा मोठा हल्ला शहराने परतवला, तोही गादी रिकामी असताना. 1854 मध्ये ओकुकेनु हा अबेओकुटातला पहिला अलाके, म्हणजे राजा, झाला, पण तो एग्बा गावांच्या आके या एका गटाचा प्रमुख. बाकीच्या गटांनी आणि ओवूच्या लोकांनी आपल्या गाद्या सोडल्या नाहीत: ओके-ओनाचा ओशिले, ग्बागुराचा आगुरा आणि ओवूचा ओलोवू. मान अलाकेचा पहिला, पण चौघेही आज त्याच शहरात आपापल्या गादीवर आहेत.